वजनावरचा पगार

वाइंडिंग खात्यातलं काम समजायला दोन मिनिटं पुरतात. त्रासन खात्यातून, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यातून, आलेल्या सुताच्या बॉबिनी टोपलीत भरून बाईच्या हाताशी ठेवलेल्या असतात. एकेका बॉबिनवर सूत थोडंच, त्यामुळे ती बघता बघता रिकामी होते. रिकामी काढायची, भरलेली लावायची, जुन्या धाग्याचं टोक शोधायचं, नव्याचं त्याला लावायचं आणि अंगठा-तर्जनीच्या एका वळशात गाठ मारायची. गाठ बारीक हवी. जाड राहिली तर पुढे मागावर फणीत अडकते, ताणा तुटतो, माग थांबतो. एका बाईसमोर अशा चात्यांची अख्खी रांग. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती दिवसभर उभ्यानं फिरते आणि जिथे सूत तुटलं तिथे थांबून गाठ मारते.

काम संपलं की भरलेलं सूत काट्यावर चढायचं. किती पौंड झालं ते वहीत लिहिलं जायचं आणि पौंडाच्या ठरलेल्या दरानं तिची मजुरी निघायची. शेजारच्या रीळ खात्यातही हाच प्रकार, फक्त तिथे सुताच्या लडी बांधायच्या. मुंबईतल्या गिरणीबायांचा पगार पिढ्यान्‌पिढ्या असा वजनावर ठरत आला.

वरवर पाहता याहून न्याय्य मोजमाप नाही. जितकं काम तितका दाम, काटा बाई-बाप्या बघत नाही. पण बाई-पुरुषांच्या मजुरीतली तफावत याच काट्याच्या आड लपली. म्हणून त्या काट्यापाशी आधी थोडं थांबायला हवं.

बॉबिनवरचं सूत चांगलं असेल तर ते सलग उतरतं. मालकानं हलक्या प्रतीचा, आखूड तंतूचा कापूस मिसळला असेल तर ते सारखं तुटतं. तुटलं की गाठ, पुन्हा तुटलं की पुन्हा गाठ. म्हणजे सूत जितकं वाईट तितके बाईचे हात जास्त चालणार, तिचं कसब जास्त लागणार आणि संध्याकाळी काट्यावर वजन मात्र कमी भरणार. त्रासन खात्यातून बॉबिनी वेळेवर आल्या नाहीत तर तेवढा वेळ ती रिकामी उभी, आणि रिकाम्या वेळेला वजन नसतं. कापूस कोणता घ्यायचा हे ठरवणारा वेगळा, बॉबिनी पोचवणारा वेगळा. पण दोघांच्या चुका तिच्या नावावर पडायच्या. महिन्याअखेरीस तिचं उत्पादन कमी दिसायचं, आणि बायका कमी काम करतात असं गिरणीचं पुस्तक सांगायचं.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढायला घेतली. ताडदेवला ती १८५६ मध्ये सुरू झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, वरळी, दादर या पट्ट्यात ऐंशीच्या आसपास गिरण्या आणि सुमारे दीड लाख कामगार झाले. त्यांत बायका तीस हजारांच्या घरात, म्हणजे साधारण पाचात एक. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर अशा जिल्ह्यांतून आलेल्या. त्यांत विधवा आणि टाकलेल्या बायकाही पुष्कळ होत्या, ज्यांच्या घरात दुसरा पगार नव्हताच. १९२१ मध्ये मुंबई सरकारनं लेबर ऑफिस काढलं आणि गिरणी कामगारांच्या मजुरीची पद्धतशीर मोजणी सुरू झाली. तेव्हापासूनच्या आकड्यांत बाईची सरासरी मासिक कमाई पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास दिसते.

निम्मी. पण त्या काळात याला कोणी मोठा अन्याय म्हटल्याचं फारसं दिसत नाही. याचं कारण गिरणीच्या रचनेत होतं. एकाच कामावर एक बाई आणि एक पुरुष शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांचं सूत सारखंच भरलं, आणि पगाराला मात्र फरक पडला, असं दृश्य गिरणीत सहसा दिसायचंच नाही. वाइंडिंग आणि रीळ ही बायकांची खाती. तिथला दर हा 'बायकांचा दर'. जास्त पगार होता साचे खात्यात, म्हणजे मागावर, आणि साचे खातं पुरुषांचं. तुलना करायला शेजारी पुरुष नव्हता.

साचे खात्याचं दार आणखीही कोणाला बंद होतं. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून भोकातून बाहेर काढावा लागे. त्याचं निमित्त करून दलित कामगारांना तिथे येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. एकाच खात्याचं दार एकाला विटाळाच्या नावानं बंद आणि दुसरीला 'हे बायकांचं काम नव्हे' म्हणून बंद. दलित बाईला दोन्ही कारणं लागू.

मागावर काम करणं बाईला झेपत नाही, असं सांगितलं जाई. या माग-चात्यांचं माहेर म्हणजे इंग्लंडमधलं लँकेशायर. दावरांच्या गिरणीची यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून आलेली. त्याच लँकेशायरमध्ये मागांवर बायका हजारोंनी काम करत होत्या. तिथे १८९२ मध्ये विणकरांच्या युनियननं आणि मालकांनी मिळून दरांचं एक सामायिक पत्रक मान्य केलं. कापडाची रुंदी, धाग्यांची दाटी, सुताचा नंबर यांवर दर ठरायचा, माग कोण चालवतंय यावर नाही. बाईला आणि पुरुषाला एकच दर. पुरुष जास्त माग सांभाळत, म्हणून महिन्याची कमाई अगदी सारखी होत नसे, पण कापडाचा वार तेवढाच तर पैसाही तेवढाच. यंत्रं बोटीनं मुंबईला आली, ते पत्रक आलं नाही.

दुसरा दाखला पूर्वेकडचा आहे आणि तो मला जास्त बोलका वाटतो. १९२० नंतर मुंबईचे मालक हवालदिल झाले ते जपानमुळे. जपानी सूत आणि कापड आधी चीनच्या आणि मग थेट हिंदुस्थानच्या बाजारात मुंबईच्या मालाला मागे सारू लागलं. १९२६-२७ मध्ये सरकारच्या टॅरिफ बोर्डापुढे हे गाऱ्हाणं गेलं. जपानी गिरण्या दोन पाळ्यांत चालतात, रात्रपाळीलाही बायकांना लावतात आणि त्यामुळे त्यांना अन्याय्य फायदा मिळतो, असं बोर्डानंही मान्य केलं. त्या जपानी सूतगिरण्यांत चारांतले तीन कामगार बायका आणि मुली होत्या. वसतिगृहांत कोंडल्यासारख्या राहणाऱ्या त्या मुलींचे हाल वाचवत नाहीत, त्यांचा हेवा कोणी करू नये. पण मुंबईच्या बलाढ्य गिरण्यांना ज्यांनी घाम फोडला ते हात बहुतांशी बायकांचे होते, एवढी गोष्ट मुंबईतल्या मालकांना पक्की ठाऊक होती. तरी स्वतःच्या वाइंडिंग खात्यातली बाई कमी कामाची, हे त्यांचं मत काही हललं नाही.

कामाच्या तासांचीही एक बाजू आहे. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानं बाईचा दिवस ११ तासांचा केला आणि रात्रीच्या कामावर बंधन आणलं. त्याच्या आधीच्याच वर्षी, १८९० च्या एप्रिलमध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरवली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. सगळ्यांची मागणी रविवारच्या सुट्टीची होती आणि १० जून १८९० पासून ती सुट्टी मिळाली. एकोणिसाव्या शतकात दहा हजारांसमोर उभं राहून बोलणाऱ्या त्या दोघींची नावं मला कुठे सापडलेली नाहीत, याची चुटपुट लागून राहते.

बाईच्या दिवसाची सुरुवात मात्र भोंग्याच्या कितीतरी आधी व्हायची. नळाला पाणी येण्याआधी रांगेत कळशी लावायची, चूल पेटवायची, भाकऱ्या थापायच्या, नवऱ्याचा डबा भरायचा, पोरांचं पाहायचं आणि मग गिरणी गाठायची. म्हणून अनेक गिरण्यांत वाइंडिंगच्या बायकांना थोडं उशिरा यायला, थोडं लवकर जायला मुभा होती. मालकाचं त्यात काही जात नव्हतं, कारण पगार वजनावर. आणि बाईला ती मुभा हवीच होती. पण हिशेबाच्या वेळी हीच मुभा तिच्या अंगावर यायची: बायका पूर्ण वेळ कुठे असतात? साचेवाल्याचा दिवस पूर्ण भरायचा तो बाईनं पहाटे चारला थापलेल्या भाकरीवर, पण ती भाकरी कोणत्याच काट्यावर चढत नव्हती.

पाळण्यातल्या मुलाचं काय करायचं, हा प्रश्न तर जीवघेणा. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी सरकारसाठी गिरणीबायांच्या बाळंतपणाची पाहणी केली. तेव्हा मुंबईत बहुतेक कामकरी आया तान्ह्या मुलाला अफूची 'बाळगोळी' देऊन झोपवून कामाला जातात, असं आढळलं. हे वाचून आयांना दोष द्यावासा वाटला तर खोलीची कल्पना करावी: दहा बाय दहाची, त्यात दोन-तीन बिऱ्हाडं, आणि काट्यावर वजन भरलं नाही तर संध्याकाळी घरात दाणा नाही. परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं ते १९२६ मध्ये, याच बायकांसाठी.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा हा या कहाणीतला फार महत्त्वाचा टप्पा. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात तसं विधेयक आणलं होतं, ते नामंजूर झालं. मग आर. एस. आसवले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ते मांडलं. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. आंबेडकर बोलले. विरोधकांचा मुद्दा होता की हा भार मालकांवर का? आंबेडकरांनी आधी मान्य केलं की आईची विश्रांती हे देशाचं हित आहे, तेव्हा खर्चाचा मोठा भाग सरकारनं उचलायला हवा. पण पुढे त्यांनी मालकांच्या वर्मावर बोट ठेवलं. काही धंद्यांत मालक बाईला कामावर घेतो तो पुरुषापेक्षा तिच्याकडून त्याला जास्त लाभ होतो म्हणूनच. तो लाभ घेत असेल तर या खर्चाची काही जबाबदारी त्याच्यावर पडलीच पाहिजे.

बाई कमी उत्पादक आहे, या समजुतीला कौन्सिलच्या पटलावर मिळालेलं इतकं सरळ उत्तर मला त्या काळात दुसरं आढळत नाही. तिला पगार कमी म्हणून ती कामाची कमी, असं तोवर धरून चालले होते. आंबेडकरांनी हिशेब उलटा मांडून दाखवला: पगार कमी, म्हणूनच मालकाला तिच्यातून मिळणारा लाभ जास्त.

१९२९ मध्ये कायदा झाला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मिळून काही आठवडे रजा, मुंबईत दिवसाला आठ आणे भत्ता. पैसे मालकानं द्यायचे. कायदा चांगलाच होता, हजारो बायकांना त्याचा आधार झाला. पण खर्च एकट्या मालकाच्या माथी आल्यामुळे काही जणांनी पोटुशी बाई कामावरून काढायची, किंवा तरुण लग्न झालेली बाई घ्यायचीच नाही, अशी पळवाट धरली. आंबेडकरांनी सरकारनं मोठा वाटा उचलावा असं म्हटलं होतं, ते मान्य झालं असतं तर कदाचित हे टळलं असतं.

त्याच वर्षांत गिरणगाव पेटलेलं होतं. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने दीड लाख कामगारांचा संप चालला. मुळाशी होती 'नवी पद्धत': कमी माणसांत जास्त चात्या, जास्त माग. संपातूनच गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावट्याची युनियन उभी राहिली. बायका त्या लढ्यात जिद्दीनं होत्या. पुढच्या वर्षांत त्यांच्यात संघटनेचं काम करणाऱ्या उषाताई डांगे यांचं 'पण ऐकतं कोण?' हे आत्मकथन आहे. त्या नावातच त्या वेळची सगळी तगमग आली आहे. संप मिटला, तंट्याच्या चौकशीला फॉसेट समिती बसली, दरांच्या प्रमाणीकरणाचा खल झाला. चर्चा सगळी खात्यांची, हुद्द्यांची, दरांची. पण बायकांची खाती वेगळी का आणि त्यांचे दर इतके खाली का, हा प्रश्न कुठल्याच बाजूनं ऐरणीवर आला नाही. युनियनच्याही डोळ्यासमोरचा कामगार म्हणजे कुटुंब पोसणारा पुरुष. बाईच्या पगाराला मराठीत एक शब्द होता, आजही आहे: हातभार. एकटीच्या जिवावर चार पोरं वाढवणाऱ्या विधवेचा पगारही हातभारच.

खात्यात तिच्या डोक्यावर बसायची नायकीण. पुरुषांच्या खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, तशी बायकांच्या खात्यात ती. काम तीच देणार, चांगल्या सुताच्या बॉबिनी कोणापुढे ठेवायच्या हेही बऱ्याच अंशी तिच्याच मर्जीवर. म्हणून पगारातून तिला दस्तुरी. ज्या बाईकडे दस्तुरी नाही तिच्या वाट्याला तुटकं सूत, आणि तुटक्या सुताचं वजन काय भरतं ते वर आलंच आहे.

मग बायका हळूहळू कमी होत गेल्या. रीळ खातं आधी आटलं, कारण लडींचं सूत जायचं मुख्यतः चीनला आणि हातमागांना, आणि चीनची बाजारपेठ हातची गेली होती. वाइंडिंगला वेगवान यंत्रं आली, एका बाईत दोघींचं काम होऊ लागलं. तिसच्या दशकात आणि मग दुसऱ्या महायुद्धात रात्रपाळ्या वाढल्या, आणि रात्री बाईला लावता येत नव्हतं. पाळ्या फिरत्या ठेवायच्या तर सगळ्या पुरुषच बरे, असं व्यवस्थापनांनी ठरवलं. स्वातंत्र्याच्या सुमारास गिरणीत दहात एक बाई उरली, सत्तरच्या दशकात शंभरात पाचही नाही. दर सुधारले, महागाई भत्ता आला, नोकरी पक्की झाली, तसतसं वाइंडिंगचं काम पुरुषांनाही करण्याजोगं वाटू लागलं.

स्वातंत्र्यानंतर किमान गरजांवर वेतन ठरवायचं तत्त्व आलं. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं त्याचं सूत्र दिलं: एका कमावत्या माणसामागे कुटुंबाची खाणारी तोंडं तीन एकक धरायची. पुरुष एक, बाई शून्य दशांश आठ, दोन मुलं मिळून एक दशांश दोन. बाईची कमाई हिशेबात धरायची नाही. पुरुषाला पुरेसा पगार मिळावा, हा त्यामागचा हेतू चांगला होता, आणि पुढच्या वेतन मंडळांनी तोच आधार घेतला. पण तराजू इथेही आलाच. बाईच्या कमाईचं वजन शून्य आणि भुकेचं आठ दशांश.

गिरणीतून बाहेर पडलेल्या बायकांचे हात थांबले नाहीत. लालबाग-परळच्या खोल्यांत खाणावळी चालायच्या, एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या. एकेक बाई वीस-पंचवीस माणसांचं रांधायची. संपात कामगारांचा पगार थांबला की तिची उधारी बुडायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेकडून कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्या सावकाराच्या पाशातून सुटल्या.

त्याआधी गिरगावात, १५ मार्च १९५९ ला, लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या होत्या. भांडवल उसने घेतलेले ८० रुपये. त्यांतून लिज्जत उभं राहिलं. तिथेही मोबदला वजनावरच: सकाळी पीठ न्यायचं, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून काट्यावर घालायचे, किलोमागे लाटणावळ घ्यायची. पण एक फरक होता आणि तो साधा नव्हे. लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालकीण, नफ्यात वाटेकरी. पीठ कसं हवं, हेही त्यांनीच ठरवायचं.

गिरणीत जो प्रश्न कोणी विचारला नाही तो अखेर विचारला गेला, लालबागपासून सहा-सात किलोमीटरवर, बॅलार्ड इस्टेटमध्ये. २६ सप्टेंबर १९७५ ला समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. मॅकिनन मॅकेन्झी ही जुनी जहाज कंपनी. तिथे ऑड्री डि'कॉस्टा या लघुलेखिका होत्या. तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या लघुलेखिका सगळ्या बायका, इतर लघुलेखक पुरुष. युनियनशी झालेल्या करारात श्रेणी एकच दिसत होती, पण त्या श्रेणीत बसवताना बायकांना खाली बसवलं होतं. १९७७ मध्ये डि'कॉस्टा यांची नोकरी गेली, आणि त्यांनी फरकाचा दावा लावला.

कंपनीचं म्हणणं होतं की या लघुलेखिका वेगळ्या गटातल्या, त्यांच्या कामावर पुरुष नाहीतच, मग तुलना कोणाशी? वाइंडिंग खात्याचीच ही गोष्ट, फक्त टाइपरायटरपुढची. पहिल्या अधिकाऱ्यानं दावा फेटाळला. अपिलात १९८२ मध्ये त्या जिंकल्या, उच्च न्यायालयातही टिकल्या, आणि २६ मार्च १९८७ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. त्या जागेवर फक्त बायका आहेत त्या व्यवस्थापनाला तिथे बायकाच हव्या आहेत म्हणून. काम सारखं असेल तर ती प्रथा पुढे करून कमी पगार देता येणार नाही. युनियनच्या करारावर बोट ठेवता येणार नाही, आणि कंपनीची ऐपत नाही हे कारणही चालणार नाही.

तोवर गिरणगावात १९८२ चा संप होऊन गेला होता, काही वाइंडिंग खात्यांना कुलपं लागली होती. तिथे एकेकाळी राबलेल्या तीस हजार बायकांच्या पगारातला फरक कधी कोणी काढला नव्हता. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका लघुलेखिकेचा मात्र काढला गेला, पैशापर्यंत: सात हजार एकशे शहाण्णव रुपये सदुसष्ट पैसे.